होस्टाची पांढरी कड करपतेय, काय करू?

न्यू जर्सीत घरामागे मेपलच्या झाडाखाली ३ 'पॅट्रियट' जातीचे होस्टा (सावलीत वाढणारी, पानांसाठी लावतात ती शोभेची झाडं) लावलेत, पण एकाची पांढरी कड तपकिरी होऊन पापडासारखी कुरकुरीत झालीय आणि पानांना भोकंही पडलीत, पाणी तर रोज शिंपडते मी.

— अगं दुपारचं ऊन येतं का तिथे? पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो आधी करपतो. आणि मेपलची मुळं वरवरच असतात, सगळं पाणी तीच पितात, त्यामुळे रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोल मुरेपर्यंत घाल.

— भोकं म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. रात्री टॉर्च घेऊन पानाखाली बघा. आमच्याकडे तर हरणांनी एका रात्रीत नुसते दांडे ठेवले!

— पुण्यात आईकडे जगेल का हे?

— कठीण आहे हो, त्याला हिवाळ्यात कडक थंडीतली झोप लागते.