अनुभव धागा: दुसऱ्याचे स्टेटस आणि आपली किंमत

उदगीरकर:
नीटचा निकाल लागला, गावच्या व्हॉट्सॲप गटांवर अभिनंदनाचे फलक फिरू लागले आणि लातूरला खोली घेऊन तयारी करत होतो ते दिवस आठवले. ७२० पैकी किती गुण, हा आकडा फोटोखाली ठळक छापलेला असे, आणि ज्यांच्या वाट्याला फलक येत नसे अशी आम्ही मुले रात्री अंथरुणात पडून तेच फलक पुन्हा पुन्हा पाहत असू. मेसमध्ये शेजारी बसून जेवणाऱ्या हुशार मित्रांपुढे मला कधी कमीपणा वाटला नाही, कारण त्यांची रडवेली तोंडेही मी पाहिली होती. तो वाटला फोनमधल्या अनोळखी हसऱ्या चेहऱ्यांपुढे. तुम्हाला असे काही अनुभवास आले असल्यास मोकळेपणाने लिहावे.

परळीची लेक:
माझे रंगाचे. सोयरिकीसाठी नातेवाइकांनी फिल्टर लावून उजळ केलेला फोटो पाठवला होता, आणि पाहुण्यांनी दारातच फोटोवरून चेहऱ्याकडे आणि चेहऱ्यावरून फोटोकडे पाहिले. त्यानंतर साधा फोटो टाकण्याचे धैर्यच राहिले नाही. दिसण्यावरून आधीच खंतावणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची खंत इन्स्टाग्राममुळे वाढते, असे त्या कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत आढळल्याचे २०२१ मध्ये बाहेर आले, तेव्हा ही व्यथा माझ्या एकटीची नाही एवढे तरी समजले.

माजलगावकर:
ताई, असे पाहुणे दारातूनच परत गेले हे उत्तम झाले.

जिंतूरची काकू:
माझा अनुभव उलटा आहे. घरात माझे मत कोणी विचारत नसे. पण कापूस वेचता वेचता आईच्या ओव्या म्हणून मी टिकटॉकवर टाकू लागले, तेव्हा कोल्हापूर-नागपूरकडची माणसे "मावशी, आवाज गोड आहे" असे लिहू लागली आणि मी ताठ मानेने चालू लागले. २९ जून २०२० रोजी बंदी आली. देशाचा निर्णय होता, त्याबद्दल तक्रार नाही, परंतु माझे ऐकणारे सगळे एका रात्रीत गेले आणि पुष्कळ दिवस तोंडातून ओवी फुटली नाही. आता भजनी मंडळात म्हणते, बायका मन लावून ऐकतात, तरी त्या अनोळखी शब्दांची ओढ अजून पूर्ण गेलेली नाही, हे खरे ते लिहिते.

सेलूचा शिक्षक:
काकू, तुमचे लिहिणे वाचून गलबलून आले. मोजायला पक्के माप नसले की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, असा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडला होता. पूर्वी ही तुलना बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी होई, आणि त्याचे कर्ज, त्याचे आजारपणही आपल्याला ठाऊक असे. आता आमच्या नववीच्या मुली पुण्या-मुंबईच्या मुलींच्या निवडक फोटोंशी स्वतःला ताडतात, आणि ते फोटो निवडून घेतलेले आहेत हे त्यांना घरी कोणी सांगत नाही. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवण्याची सोय २०२१ पासून आहे. ती मी वर्गात दाखवतो. काही मुलींनी ती वापरली, काहींनी आकडे हवेत म्हणून स्पष्ट नकार दिला.

उदगीरकर:
सर, ही सोय कुठे सापडते तेही लिहावे, धाकट्या बहिणीला दाखवायची आहे.

परळीची लेक:
काकू, एखादी ओवी इथे लिहाल का?

जिंतूरची काकू:
लिहीन, बाई. पेरणी तेवढी उरकू दे.