प्रति: नॉटिंगहॅम ते यॉर्क (इंग्लंड), नॅरोबोटने (कालव्यांतली लांब, अरुंद बोट)

या प्रवासाच्या तुमच्या आराखड्यात बोटीचा कालव्यातला आणि नदीतला वेग एकच धरलाय, तेवढं बदला. क्रॉमवेल लॉकच्या (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या दारांच्या) खाली ट्रेंट नदीला भरती-ओहोटी लागते. निघायची वेळ लॉककीपर भरती पाहून सांगतो, म्हणून आधी फोन कराच. ट्रेंट सोडून कालव्यात शिरायचं ते कीडबी एका दमात गाठण्यापेक्षा वाटेत टॉर्क्सीला मुक्काम करा. उधाणाच्या भरतीला या पट्ट्यात ‘ईगर’ नावाची लाट नदीत उलटी वर चढते, त्या तारखा टाळलेल्या बऱ्या. नांगर साखळीसकट पुढच्या डेकवर, दोराचं टोक बोटीला पक्कं बांधून तयार हवा. इंजिन बंद पडलं की शोधाशोधीला वेळ मिळत नाही. आणि ते बंद पडतं बहुधा डिझेलच्या टाकीतला गाळ हेलकाव्यांनी ढवळून फिल्टर तुंबल्यामुळे! जादा फिल्टर हाताशी ठेवा. पुढे कालव्यांनी सेल्बीला पोचलात की तिथून ऊझ नदीत भरतीबरोबरच शिरा, यॉर्कच्या अलीकडच्या नेबर्न लॉककडे तीच रेटत नेते.