मदत हवी आहे: मुलगी कबड्डी खेळते, लेन्समुळे डोळ्याला इजा झाली, पुढे काय काळजी घ्यायची?

नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय. मुलगी १७ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच नंबर. चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही आणि चष्मा काढला तर समोरचीचा हात कुठून येतोय ते दिसत नाही, म्हणून मागच्या वर्षी महिनाभर चालणाऱ्या लेन्स घेतल्या. वर्षभर काही त्रास नव्हता. गेल्या मंगळवारी प्रॅक्टिसवरून आली ती उजवा डोळा मिटूनच, घळाघळा पाणी, ट्यूबलाइटसुद्धा सहन होईना. मी मेडिकलमधून ड्रॉप आणून एकदा घातलेही, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाटली बघून सांगितलं की यात स्टेरॉइड आहे, जंतुसंसर्ग असता तर याने चिघळला असता. ऐकून पोटात गोळाच आला.

त्यांनी पिवळा थेंब घालून निळ्या प्रकाशात तपासलं तर बुबुळाच्या कडेला हिरवी रेघ चमकत होती. ओरखडा आहे, जखम चिघळलेली नाही म्हणाले. अँटिबायोटिक ड्रॉप दिलेत आणि ते सांगेपर्यंत लेन्स पूर्ण बंद.

घरी येऊन लेन्सची डबी उघडली तर झाकणाच्या आट्यांमध्ये बोटाला बुळबुळीत लागत होतं. खोदून विचारल्यावर कळलं की जुन्या सोल्युशनवरच नवीन थोडं ओतायची आणि मैदानात धूळ गेली की लेन्स काढून तिथल्या नळाखाली धरायची. मला यातलं काहीच माहीत नव्हतं हो. मातीच्या मैदानावर मध्येच धूळ गेली तर या मुलींनी करायचं काय? आणि रोज फेकायच्या लेन्स घेऊन खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद १
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. वेळेत दाखवलंत ते फार बरं केलंत. सगळ्यात आधी नळ बंद. नळाच्या, टाकीच्या, बोअरच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात, नजरही जाऊ शकते. बाटलीतलं प्यायचं पाणीही नको. डबीतलं सोल्युशन रोज ओतून द्यायचं, डबी ताज्या सोल्युशनने विसळून उघडी उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांनी बदलायची. लेन्स नुसती बुडवून होत नाही, तळहातावर बोटाने चोळावी लागते. आणि महिना मोजायचा तो पाकीट उघडल्यापासून, किती दिवस घातली त्यावर नाही.

तिच्यासाठी मी डेलीज, म्हणजे रोज फेकायच्या लेन्सच सुचवेन, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. किटमध्ये दोन जास्तीच्या जोड्या, साबण, स्वच्छ रुमाल आणि चष्मा ठेवायचा. धूळ गेली की हात धुऊन कोरडे करायचे, लेन्स काढून फेकायची, टोचणं थांबलं तरच नवीन घालायची. टोचतच राहिलं तर चष्मा लावून बाहेर बसायचं, मॅच कितीही महत्त्वाची असो.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. आखायची फक्की चुन्याची असेल आणि ती डोळ्यात गेली तर तिथे पाणीच हवं, जे मिळेल ते, लगेच, भरपूर, निदान १५-२० मिनिटं. लेन्स सहज निघाली तर काढायची, पण त्यासाठी धुणं थांबवायचं नाही. मग थेट दवाखाना.

प्रतिसाद २
स्पर्धेला रात्रीच्या एसटीने जाताना लेन्स घालून झोपू देऊ नका. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन हवेतून मिळतो, वर लेन्स आणि पापणी दोन्ही मिटली की तो कमी पडतो आणि इन्फेक्शनचा धोका कितीतरी पटीने वाढतो. आमच्या खो-खोच्या टीममध्ये बस सुटायच्या आधी सगळ्यांच्या लेन्स काढून घेतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. डबी आत्ताच कचऱ्यात टाकली. चुन्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं, उद्या सकाळी मैदानावर जाऊन सरांना विचारते फक्की कसली वापरता ते. शुक्रवारी पुन्हा तपासणी आहे, डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिहीन.