अनुभव धागा : कागदावरचा देश आणि कोकणातलं घर

कोकणातून बाहेर जाऊन स्थिरावलेले, बाहेरून इथे येऊन राहिलेले, दोघांनीही लिहा. कायमचा परवाना, नागरिकत्व यांत काय मिळालं, काय अडलं? सुरुवात मी करते.

देवगड, आता टोरंटो
पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, मिळाली तेव्हा वाटलं, सुटलो. पण नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या 5 वर्षांत 1,095 दिवस कॅनडात राहिलेलं असावं लागतं. मी वहीत हिशेब मांडायचे. बाबांचं ऑपरेशन, भावाचं लग्न, गावी काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. एका वर्षी गणपतीला गेलेच नाही. आईने आरतीला फोन समईशेजारी उभा करून ठेवला होता. ते अजून सलतं.

परीक्षा सोपी, 20 पैकी 15 उत्तरं बरोबर हवीत. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. मतदानाचा हक्क गेला. बाबांचा प्रश्न एकच, "आंब्याची कलमं तुझ्या नावावर चढतील ना?" चढतात, वारसाहक्काने. शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही मिळत नाही. पण हे बंधन परदेशात राहायला गेल्यापासूनच असतं, पासपोर्ट बदलल्याने लागत नाही. हे आधी कळलं असतं तर बाबांनी बक्षीसपत्रासाठी उन्हातान्हात वकिलाकडे चार खेपा घातल्या नसत्या.

रत्नागिरी
अब्बांची 31 वर्षं कुवेतमध्ये गेली. अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला. नागरिकत्वाचा विषयच नव्हता. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा शिरल्या, तेव्हा ते मजल दरमजल अम्मानला पोचले आणि तिथून विमानाने मुंबईला. नंतर पुन्हा गेले. आमचं घर त्याच पैशाचं.

रेवदंडा, आता अश्दोद
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, गावच्या भाषेत शनवार तेली. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या 1950 च्या कायद्यामुळे आजोबांना इस्रायलचं नागरिकत्व उतरल्या उतरल्या मिळालं. अडचण पुढे आली. लग्न लावायला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या पूर्वजांची चौकशी करायचे. आपल्या लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये आम्हाला पूर्ण ज्यू मानलं गेलं. आजी त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज चढवायची. घरात मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा आमचा प्रसाद, अजून होतो.

राजापूर
माझे आईबाबा नेपाळचे. बाबा आंब्याच्या बागेत राखणदार, आम्ही तिथल्या मांगरातच वाढलो. 1950 च्या करारामुळे नेपाळ्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, म्हणून कागदांचा विचार कधी झालाच नाही. माझा जन्म इथलाच, 2006 चा. बारावीनंतर प्रवेशासाठी राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढायला गेले, तेव्हा कळलं की मी भारतीय नाही. 3 डिसेंबर 2004 पासून इथे जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एकजण तरी भारतीय असावा लागतो. फार रडले.

आता अर्ज करतेय. शेवटचं सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या 14 वर्षांतली 11 वर्षं भारतात राहिल्याचा पुरावा लागतो. गुरुजींनी पहिलीपासूनचे हजेरीपट धुंडाळून नकला दिल्या. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा नीट यावी लागते. नेपाळीही चालते. मी मराठी लिहिली.