हक्क की अधिकार?

प्रश्न: मी भाषांतराचं काम करते. कायद्यांची मराठी नावं लिहिताना अडखळते. माहितीचा ‘अधिकार’ (२००५), पण वन‘हक्क’ (२००६), शिक्षणाचा ‘हक्क’ (२००९), लोकसेवा ‘हक्क’ (२०१५). कार्यालयातले एक काका म्हणतात, ‘अधिकार’ संस्कृत, म्हणून तोच शुद्ध. खरंच दोन्ही एकच का?

प्रतिसाद: ताई, शुद्धतेचा मुद्दा सोडून द्या. ‘हक्क’ मूळचा अरबी, पण मराठीत कधीच मुरलाय. संविधानाच्या मराठी प्रतीत तिसऱ्या भागाचं नाव ‘मूलभूत हक्क’ आहे. ‘मौलिक अधिकार’ हिंदीतलं.

फरक क्रियापदांत कळतो. हक्क बजावतात, अधिकार गाजवतात. अधिकार पदाने येतो नाहीतर पात्रतेने, म्हणून तर ‘अधिकारी’, ‘अधिकारवाणी’, ‘गाण्यातला त्यांचा अधिकार’. शूद्रांना आणि स्त्रियांना वेदांचा ‘अधिकार’ नाही, हे याच शब्दात सांगितलं गेलं. मानवी हक्काला कसली आलीय पात्रता? माणूस म्हणून जन्मलात, झालं. मी ‘मानवी अधिकार’ लिहीत नाही ते यासाठी.

‘हक्क’ही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही सांगायला हवं. वतनदारीत हक्क म्हणजे जातीने ठरलेला मान आणि वाटा. महारांचे ‘बावन्न हक्क’ सांगत, आणि त्यापोटी अख्ख्या गावाची पडेल ती कामं त्यांच्या गळ्यात. त्या वतनाचा कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं. जन्माने वाटून दिलेला हक्क नाकारायचा आणि माणूस म्हणून असलेला बजावायचा, ही दोन्ही कामं एकाच माणसाने लागोपाठ केली. आज आपण ‘हक्क’ ज्या अर्थाने म्हणतो, तो मला तिथे दिसतो.

प्रतिसाद: यात ‘हक्कसोडपत्र’ राहिलं, मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावांची नावं भोगवटादार म्हणून लागली, आम्हा दोघी बहिणींची ‘इतर अधिकार’च्या रकान्यात. गावात त्यालाच ‘इतर हक्कात’ म्हणतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिलाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वर्षश्राद्धाच्या आत कागद समोर आला. मामा म्हणाले, “पोरी, सही करून टाक. माहेर तुटायला नको.” माहेर म्हणजे हक्काचं घर, असंच ऐकत वाढलो होतो आम्ही. त्या ‘हक्काचं’मध्ये फक्त माया होती, वाटा नव्हता, हे त्या दिवशी कळलं.

धाकटीने सही केली. मी पेन उचललं, तेवढ्यात आईने कागद ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या उशीखाली ठेवला. अजून तिथेच आहे.