बेदाण्याचं युनिट टाकतोय : साधी भागीदारी की एलएलपी?

सावळजकर
मी आणि मामेभाऊ मिळून तासगावात बेदाणा धुण्याचं आणि प्रतवारीचं युनिट टाकतोय. जागा भाड्याची, मशिनरीला बँकेचं कर्ज. माल शेतकऱ्यांकडून उधारीवर घ्यावा लागणार. आबा म्हणतात, स्टॅम्पवर भागीदारीपत्र करा आणि कामाला लागा. सीए म्हणतात एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, जबाबदारी मर्यादित राहील. द्राक्षबाग वडिलोपार्जित आहे, सातबारा आबांच्या नावावर. धंदा बसला तर बाग जाईल का, हे मला नीट समजून घ्यायचंय.

मिरजेचे नाना
बरं झालं आधीच विचारलंत. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या भागीदारीला 1932 चा कायदा लागतो. त्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही पूर्ण जबाबदार असतो. समजा, देणं 40 लाख झालं आणि मामेभावाकडे काहीच नाही, तर सगळे 40 लाख तुमच्या एकट्याकडून वसूल करता येतात. 'निम्मे त्याचे' हा हिशेब तुम्हा दोघांतला. भावाने फर्मच्या नावावर फोनवरून सौदा केला, तरी तो तुमच्यावर बंधनकारक. बाग वडिलोपार्जित असेल तर आबांच्या हयातीतही तुमच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते.

एलएलपी 2008 च्या कायद्याने आली. तिथे देणं एलएलपीचं, भागीदाराचं जातं ते त्याने घातलेलं भांडवल. फसवणूक केली तर मात्र हे संरक्षण उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. एलएलपी असो वा प्रायव्हेट लिमिटेड, बँक कर्ज देताना तुमचं वैयक्तिक हमीपत्र मागतेच. माझ्या टेबलावर लोक पानं उलटत फक्त 'सही कुठे?' एवढंच विचारायचे. त्या गठ्ठ्यात हमीपत्र असायचं. त्यावर सही केली की त्या कर्जापुरतं मर्यादित जबाबदारीचं संरक्षण संपलं, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनी दिवाळखोरीत निघून तिच्या देण्यांच्या तोडग्याचा आराखडा मंजूर झाला, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय. हमी 'सततची' आहे का तेही बघा. तशी असेल तर पुढे वाढवून घेतलेलं कर्जसुद्धा तिच्यात येतं.

सावळजकर
मग एलएलपीचा खर्च करायचा कशाला? सही तर करावीच लागणार.

कुपवाडची उद्योजिका
नानांचं बँकेपुरतं शंभर टक्के बरोबर. पण तुमचं देणं फक्त बँकेचं नसेल ना! शेतकऱ्यांच्या मालाचे पैसे, पॅकिंगवाला, ट्रान्सपोर्ट, भाडं, यातल्या कुणालाही तुम्ही हमीपत्र लिहून देत नाही. हंगामात मालाची उधारी मशिनरीच्या कर्जाच्या वर जाते आणि तिथे एलएलपी खरोखर वाचवते. म्हणून मी तुमच्या सीएंच्या बाजूने.

'आधी भागीदारी, मग बदलू' असंही करू नका. रूपांतराआधीच्या देण्याला जुने भागीदार वैयक्तिक जबाबदार राहतातच. एलएलपीत दरवर्षी फॉर्म 11 (वार्षिक विवरण) आणि फॉर्म 8 (हिशेबाचं पत्रक) भरावे लागतात. उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं की ऑडिटही आलं. आणि आबांचं ऐकून साधी भागीदारीच केलीत, तर ती निदान रजिस्टर तरी करा. नाहीतर पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर फर्मला वसुलीचा दावाच लावता येत नाही.

मिरजेचे नाना
ताईंचा उधारीचा मुद्दा मान्य. सावळजकर, एलएलपी करा आणि आबांना कर्जाच्या कागदांपासून लांब ठेवा. बँकेला स्पष्ट विचारा, हे कर्ज सीजीटीएमएसईच्या (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमीखाली बसतं का. त्यात तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही. तुमची स्वतःची सही तरीही मागतील. पण आबांना सहजामीनदार करा किंवा बाग तारण द्या म्हणाले, तर त्या दिवशी सही न करता कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा.

सावळजकर
सोमवारी शाखेत जाऊन हेच विचारतो. हमीपत्राचा मसुदा आधी वाचायला मागू शकतो ना?

मिरजेचे नाना
मागा. आणि सही झाल्यावर प्रत्येक कागदाची प्रतही मागून घ्या.