मदत हवी आहे: प्राणीसंग्रहालयातल्या अस्वलांवर संशोधन – कोणाकोणाच्या परवानग्या लागतात?

विश्रामबागकर

नमस्कार. सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या प्राणीशास्त्र विभागातून विचारते आहे. पीएच.डी.चा विषय बंदिस्त अस्वलांमधला ताण असा आहे. राज्यातल्या दोन प्राणीसंग्रहालयांतली आपली काळी अस्वलं घ्यायची, दर आठवड्याला विष्ठा, तीन महिन्यांतून एकदा केस आणि वर्षातून दोनदा रक्त, आणि या सगळ्यांतून कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) मोजायचं असा आराखडा आहे. तुलनेसाठी अमेरिकेतल्या एका प्राणीसंग्रहालयाने ध्रुवीय अस्वलांचे केस आणि विष्ठा द्यायची तयारी दाखवली आहे.

अडचण अशी की प्राणीसंग्रहालय म्हणतं वनखात्याचं पत्र आणा, वनखातं म्हणतं आधी प्राणीसंग्रहालयाची संमती आणा. विद्यापीठाच्या संशोधन समितीला दोन्ही हवीत. सुरुवात कुठून करायची? आणि बाहेरचे नमुने सांगलीपर्यंत आणायला काय काय लागेल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

आवकजावक

ताई, आधी आराखड्याचे तुकडे करा. तुमचा विषय काय आहे यावरून परवाना ठरत नाही, प्राण्याच्या अंगावरून तुम्ही काय घेणार यावरून ठरतो. एकाच अर्जात विष्ठा, केस आणि रक्त लिहिलंत की सगळी नस्ती (फाईल) रक्ताच्या वाटेने जाते, आणि ती वाट सगळ्यात लांबची आहे.

कारण असं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये कलम २(१६) खाली ‘शिकार’ या शब्दात प्राण्याला इजा करणं आणि त्याच्या शरीराचा कोणताही भाग घेणं हेही येतं, आणि ही व्याख्या बंदिस्त प्राण्यालाही लागू आहे. अस्वल अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. त्यामुळे संशोधनासाठी मुद्दाम सुई टोचायची म्हटली की कलम १२ चा परवाना आला. तो देतात मुख्य वन्यजीव रक्षक, म्हणजे नागपूरच्या वनभवनातले प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), पण अनुसूची १ च्या प्राण्यासाठी आधी केंद्र सरकारची मंजुरी घेतल्याशिवाय त्यांना तो देता येत नाही. म्हणजे सांगली, नागपूर, दिल्ली, नागपूर आणि परत सांगली.

पिंजऱ्यात पडलेली विष्ठा गोळा करताना प्राण्याला हात लागत नाही. ते काम प्राणीसंग्रहालयाच्या लेखी संमतीने आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने होतं.

केस या दोन्हींच्या मधले. उपटलेले केस रक्ताच्या रांगेत जातात. घासायच्या ओंडक्याला चिकटलेले, गळलेले केस त्या रांगेत नाहीत, पण तेही खिशात घालून आणायचे नाहीत. ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत केस आहेत, आणि कलम ३९ प्रमाणे अशी वस्तू सरकारची मालमत्ता. अनुसूची १ च्या बाबतीत कलम ५१ खाली किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं शिक्षा आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. ‘फक्त दोन केस होते साहेब’ हे तिथे चालत नाही.

माझं मत: रक्त काढून टाका. केस गळलेलेच घ्या, तेही दुय्यम उद्दिष्ट म्हणून.

विश्रामबागकर

धन्यवाद. पण रक्त काढून टाकलं तर विष्ठेतला आकडा खरोखर ताणाचाच आहे हे सिद्ध कसं करायचं? मार्गदर्शक म्हणतात एसीटीएच (शरीराला कॉर्टिसॉल तयार करायला लावणारं संप्रेरक) देऊन चाचणी करावी लागेल.

शिरवळ_रोड

एसीटीएचचं इंजेक्शन म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा कलम १२, शिवाय कदाचित भूल. अस्वलाला भूल देणं ही काही किरकोळ गोष्ट नाही, आणि केवळ पडताळणीसाठी कोणताही जबाबदार संचालक ते मान्य करणार नाही.

त्याऐवजी जैविक पडताळणी करा. प्राणीसंग्रहालयात वर्षभरात ताणाचे प्रसंग आपोआप येतातच: एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हलवणं, लसीकरण, दात किंवा नखांचा उपचार, शेजारी बांधकाम. प्रसंगाआधीचे किमान पाच-सहा दिवस आणि नंतरचे तेवढेच दिवस रोज नमुना घ्या. दोन-तीन प्राण्यांत ठरावीक अंतराने आकडा चढून परत उतरलेला दिसला, तर नियतकालिकं ते मान्य करतात. यासाठी पशुवैद्यकीय नोंदवही पाहायची परवानगी अर्जातच मागून ठेवा. ती नंतर वेगळी मागायला गेलं की महिने जातात.

प्राणीसंग्रहालयाचे डॉक्टर उपचारासाठी स्वतः रक्त काढतात तेव्हा उरलेला सिरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) तुम्हाला मिळू शकतो. पण अर्जात शब्द नीट हवेत: ‘उपचाराच्या कामातून उरलेला’. ‘वर्षातून दोन वेळा’ असं लिहिलं की तो प्रयोग झाला.

नैतिकता समितीचं म्हणाल तर तुमच्या महाविद्यालयात बहुधा नोंदणीकृत प्राणी नैतिकता समिती नसेल. सीसीएसईए, म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती; तिचे नियम प्रयोगांसाठी आहेत. नुसती विष्ठा गोळा करणं हा प्रयोग नाही. तरी ‘या कामाला मंजुरीची गरज नाही’ असं एखाद्या नोंदणीकृत समितीचं पत्र घेऊन ठेवा, शोधनिबंध पाठवताना ते मागतातच. तुम्हाला सोयीचं म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथला एखादा प्राध्यापक सहमार्गदर्शक घेतलात तर पशुवैद्यही मिळतो आणि समितीचा रस्ताही.

आवकजावक

आधी कोण, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. आधी प्राणीसंग्रहालय, पण त्यांच्याकडे ‘परवानगी’ मागू नका. ‘मुख्य वन्यजीव रक्षकांची मान्यता मिळाल्यास आमची हरकत नाही’ असं सशर्त पत्र मागा. संचालकांना एवढं द्यायला अडचण नसते, कारण जबाबदारी त्यांच्या अंगावर येत नाही. कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय पुणे महापालिकेचं आहे, त्यामुळे ते पत्र आयुक्तांच्या कार्यालयातून फिरून येऊ शकतं. नागपूरचं गोरेवाडा वन विकास महामंडळाकडे आहे, तिथली साखळी वेगळी. दोन्हीकडे एकाच मजकुराचं पत्र टाकू नका.

मग ते पत्र जोडून, प्राचार्यांच्या सहीने, विद्यापीठामार्फत नागपूरला. प्रत दिल्लीला केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाला. सांगली-कोल्हापूरच्या वन कार्यालयात अर्ज देऊन थांबू नका, तिथून तो फक्त पुढे जातो. (सागरेश्वर किंवा चांदोलीत शिरून काम करायचं असतं तर कलम २८ आलं असतं आणि चांदोलीसाठी कोल्हापूरचं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं कार्यालयही. तुमचा तो विषय नाही, त्यामुळे त्या कलमाचा अर्जात उल्लेखच नको. नको ते कलम दिसलं की नको ती शाखा अभिप्राय मागते.)

त्रुटी कशावर निघतात ते सांगतो. प्राण्यांची संख्या ‘उपलब्धतेनुसार’ लिहिलेली. नमुन्यांची एकूण संख्या नाही. नमुना कुठे साठवणार, कोण तपासणार, उरलेला कसा नष्ट करणार हे नाही. संशोधक विद्यार्थ्याचं नाव नाही, नुसतं मार्गदर्शकाचं. कालावधीला शेवटची तारीख नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा, प्रयोगशाळेचं संमतीपत्र जोडलेलं नाही. पुण्याहून सांगलीला नमुने आणायचे तर वाहतुकीचा उल्लेखही याच अर्जात करा. आवक क्रमांक मिळाल्याशिवाय पाठपुराव्याचा फोन करू नका, उपयोग नाही.

शीतपेटी

प्रयोगशाळेच्या बाजूने, कारण परवाना मिळूनही इथेच वर्ष फुकट जातं.

विष्ठेत मूळ कॉर्टिसॉल जवळजवळ नसतंच, त्याचे विघटित घटक असतात. त्यामुळे माणसाच्या रक्ताचा किंवा लाळेचा कॉर्टिसॉल किट आणून लावला तर आकडे येतात, पण त्यांना अर्थ नसतो. चयापचय घटकांचा गट ओळखणारी प्रतिपिंडं वापरणारी चाचणी हवी. हैदराबादची लॅकोन्स प्रयोगशाळा वन्यप्राण्यांच्या विष्ठेतल्या संप्रेरकांवर काम करते, त्यांना आधी विचारा.

नमुना गोळ्याच्या आतल्या भागातून घ्या, मूत्राने भिजलेला सोडा, बिया आणि न पचलेला लगदा काढा. शक्य तितक्या लवकर, तासाभरात म्हणा, उणे २० अंशांत गेला पाहिजे, कारण जिवाणू त्या घटकांचं विघटन चालूच ठेवतात आणि उन्हाळ्यात तर वेगाने. प्राणी रात्री वेगवेगळ्या कोठडीत असतील तर सकाळी झाडलोटीआधीचा नमुना सोपा. जोडीने असतील तर एकाच्या लापशीत खाण्याचा रंग घालायचा, पण तेही अर्जात लिहा. खाद्यात काही मिसळणं हा संचालकांच्या मान्यतेचा विषय आहे.

अर्क पुण्यातच काढा. ०.५ ग्रॅम नमुना, ८० टक्के मिथेनॉल ५ मिली, अर्धा तास हलवणं, मग सेंट्रीफ्यूज, वरचा द्रव वेगळा. तो वाळवून ठेवला की नळ्या साध्या तापमानात सांगलीला येतात. गोठलेली विष्ठा थर्माकोलच्या पेटीत घालून आणायची म्हणजे कराडच्या पुढे बर्फाचं पाणी. आणि मिथेनॉलच्या बाटल्या एसटीत घेऊन बसू नका, ज्वालाग्राही आहे.

कोयनाकाठ

आता ध्रुवीय अस्वल.

अमेरिकेत देवमासे आणि सील हे नोआकडे (समुद्र आणि हवामान पाहणारी तिथली सरकारी संस्था), पण ध्रुवीय अस्वल, वालरस, समुद्री ऑटर आणि मॅनेटी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे. ध्रुवीय अस्वल कायद्याने सागरी सस्तन प्राणी आहे हे कळल्यावर लोक थेट नोआला लिहितात आणि पत्र वाया जातं. कायदा १९७२ चा मरिन मॅमल प्रोटेक्शन अॅक्ट. वैज्ञानिक संशोधनाच्या परवान्याचा अर्ज ३-२००-४३ क्रमांकाचा. अर्ज किमान ९० दिवस आधी द्यायचा, त्यात फेडरल रजिस्टरमध्ये (तिथल्या राजपत्रात) सूचना निघून ३० दिवस जनतेच्या हरकतींसाठी. हे अस्वल २००८ पासून तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यातही ‘थ्रेटन्ड’ म्हणून आहे, पण विशेष नियमामुळे सागरी सस्तन प्राण्यांचा परवाना असला की त्या कायद्याचा वेगळा सहसा लागत नाही.

तुम्ही स्वतः अर्जदार होऊ नका. तिथलं प्राणीसंग्रहालय किंवा तिथला संशोधक परवानाधारक, तुम्ही सहसंशोधक. बऱ्याच ठिकाणी केस आणि रक्त अस्वलाला प्रशिक्षण देऊन जाळीतून घेतात, आणि त्यांच्याकडे आधीच परवाना असेल तर ते काम त्यात बसतं का एवढंच पाहायचं.

साइट्समध्ये, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, ध्रुवीय अस्वल परिशिष्ट २ मध्ये आहे. केस बाहेर पाठवायला तिथला निर्यात परवाना लागतो, तो ६ महिनेच चालतो, आणि पेटीबरोबर ३-१७७ क्रमांकाचं घोषणापत्र. विष्ठा आणि मूत्र यांना मात्र अमेरिकन नियमांप्रमाणे साइट्सची कागदपत्रं लागत नाहीत. इकडे मुंबईत वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग आणि सीमाशुल्क यांची तपासणी, आणि प्राणिजन्य पदार्थ म्हणून पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना, विष्ठेला साइट्स नसलं तरी. तो लागणार नसेल तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या, तोंडी उत्तर विमानतळावर कामाला येत नाही. शास्त्रीय नाव उर्सस मॅरिटिमस सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. परवान्यावर ५० नळ्या आणि पेटीत ५२ निघाल्या तर सगळी पेटी अडते.

उलट दिशेला आपल्या अस्वलाचे नमुने तिकडे पाठवायचा विचारही करू नका. आपलं अस्वल साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे जास्त कडक यादीत आहे, म्हणून आधी त्यांचा आयात परवाना, मग आपला निर्यात परवाना, आणि परदेशी संस्था आली म्हणून जैविक विविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी.

शीतपेटी

यात भर. दोन प्रजातींत हे घटक वेगवेगळे तयार होतात, त्यामुळे काळ्या अस्वलाचा आकडा आणि ध्रुवीय अस्वलाचा आकडा शेजारी ठेवून ‘हे जास्त तणावात’ असं म्हणताच येत नाही. प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पायारेषेशी, म्हणजे नेहमीच्या पातळीशी. मग नमुने सांगलीत हवेत कशाला? तिथेच चाचणी करून घ्या, तीच अर्क पद्धत ठरवा आणि टक्केवारीतला चढउतार मागवा. आकड्यांना साइट्स लागत नाही.

विश्रामबागकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग अर्ज असा करते: विष्ठा आणि गळलेले केस, उरलेला सिरम मिळाला तर, ध्रुवीय अस्वलाची फक्त माहिती. एक शेवटचं, परवाना येईपर्यंत एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी नुसतं वर्तन निरीक्षण करू शकतील का?

आवकजावक

हो. पर्यटक उभे राहतात तिथूनच पाहायचं असेल तर संचालकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची ओळखपत्रं पुरतात. पडद्यामागे, कोठड्यांकडे जायचं असेल तर मात्र मूळ अर्जाची वाट पाहा. पत्रात दिवस आणि वेळा लिहा, तिपाईचा कॅमेरा असेल तर तोही. फोटो समाजमाध्यमांवर टाकणार नाही असं हमीपत्र स्वतःहून जोडा.

शिरवळ_रोड

दर पाच मिनिटांनी एक नोंद, एका विद्यार्थ्याकडे दोनच प्राणी. येरझाऱ्या, डोकं हलवत राहणं, चाटत राहणं याच्या व्याख्या आधी लिहून दोघांच्या नोंदी जुळतात का तपासा. आणि कात्रज बुधवारी बंद असतं, त्या दिवशीची परवानगी खास मागा. गर्दीशिवायचा दिवस तुलनेला आयता मिळतो.